सदर पत्त्यावर राहतो

शंकरसिंगनं पैसे मागितले नाहीत, तेव्हाच पाईकरावांच्या घरात शंकेची पाल चुकचुकली.

नांदेडला एका शिंप्याच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की शंकरसिंगचं ऑफिस लागायचं. आखातात माणसं पाठवणं हा त्याचा धंदा. अशा माणसानं आधी पैसे मागावेत, मग आणखी मागावेत आणि एके दिवशी खोलीला कुलूप लावून नाहीसं व्हावं, अशी सगळ्या गोरेगावची रास्त अपेक्षा होती. शंकरसिंगनं यातलं काहीच केलं नाही. त्यानं रविंद्रची बी.एस्सी.ची गुणपत्रिका पाहिली, टायट्रेशन म्हणजे काय ते विचारलं आणि आश्चर्य म्हणजे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सांगितलं की मस्कतजवळ समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत पाणी तपासायला माणूस पाहिजे. पगार एकशेचाळीस रियाल, करार दोन वर्षांचा. कमिशन कंपनी देते, तुम्ही फक्त तीस सप्टेंबरच्या आत पासपोर्ट आणून द्या. तो आला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाची.

रविंद्रनं डिपॉझिटचं विचारलं. नाही. नोंदणीची फी? नाही. निदान फॉर्मचे तरी? शंकरसिंग वैतागला आणि म्हणाला, एवढीच हौस असेल तर खालच्या चहाचे चार रुपये देऊन जा. ते दिल्यावर रविंद्रला जरा हायसं वाटलं.

ही २००२ च्या ऑगस्टमधली गोष्ट. रविंद्र तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत होता. महिन्याला बाराशे रुपये मिळायचे, तेही महिना संपल्यावर तिसऱ्या महिन्यात. रियालचा भाव होता एकशे सत्तावीस रुपये. म्हणजे एकशेचाळीस रियालचे सतरा हजार सातशे ऐंशी. हा गुणाकार त्यानं तीनदा केला. उत्तर तीनदा तेच आलं, आणि इतकं मोठं उत्तर आलं की त्याला गुणाकाराचाच संशय येऊ लागला.

वडील नरसिंगराव सेनगावच्या पंचायत समितीत आवक-जावक बघायचे. रोज जीपनं जायचे, जीपनं यायचे आणि ज्या कागदावर क्रमांक नाही त्याला कागद म्हणायचे नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की फुकट काम कुणी करत नाही, सरकारसुद्धा नाही. ज्या अर्थी हा करून राहिला, त्या अर्थी कुठंतरी पाणी मुरतंय. पाणी मुरणं आणि पाणी तपासणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे रविंद्रनं सांगून पाहिलं.

शेजारचे विष्णुपंत याहून पुढे गेले. विष्णुपंत कोर्टातले निवृत्त बेलीफ. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या दारात समन्स नेली होती, आणि त्या तीस वर्षांत एकाही माणसानं त्यांना पाहून हसून ‘या’ म्हटलं नव्हतं. त्यामुळे घरात येणारा कुठलाही कागद माणसाच्या वाईटावरच असतो, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं. त्यांनी रविंद्रला बसवून घेतलं आणि तिथं चहा केवढ्याला पडतो ते विचारलं.

रविंद्रनं माहिती काढलेली होतीच. शंभर बैसा. एका रियालचे हजार बैसे होतात. ज्या देशाचं चलन दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत जातं, तो देश मोजमापाच्या बाबतीत गंभीर असला पाहिजे, असं रविंद्रला मनातून वाटत होतं. पण विष्णुपंतांनी ते ऐकून घेतलं नाही. शंभर बैसे म्हणजे साडेबारा रुपये. दिवसाला चार चहा म्हणजे पन्नास. महिन्याचे दीड हजार. “आणि तू बाराशेची नोकरी सोडून चाललास,” विष्णुपंत म्हणाले. “चहाच्या पायी तीनशे अंगावर आले की नाही?”

या हिशेबात चूक आहे हे रविंद्रला कळत होतं, पण ती नेमकी कुठल्या पायरीवर आहे ते सांगेपर्यंत हिशेब गल्लीभर झाला होता. समोरच्या केशरबाईंनी त्याला थांबवून विचारलं, का बाबा, चहाबी न्हाई मिळत म्हणं तिकडं?

मग करार आला. इंग्रजी, नऊ पानं. नरसिंगरावांनी फर्मान काढलं की एकही कलम न गाळता मराठीत वाचून दाखवायचं. रविंद्रनं वाचलं. राहायची खोली कंपनीची, एका खोलीत चौघं. जेवण ज्याचं त्याचं. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम. पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात राहील. इथं नरसिंगरावांनी पेन्सिलीनं फुली मारली. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर घरी यायचं विमानाचं तिकीट कंपनी देईल. इथं बरोबरची खूण. आणि चौदावं कलम. रविंद्रनं चौदावं कलम डोळ्यांनी आधी वाचलं आणि एक क्षण थांबला. गाळता आलं असतं. पण प्रयोगवहीतलं नकोसं निरीक्षण गाळायचं नाही, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की तो वाचून गेला: कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास पार्थिव कंपनीच्या खर्चानं ताबडतोब मायदेशी पोचवण्यात येईल.

नरसिंगरावांना कलम आवडलं. आमच्याकडे ही सोय नाही, ते म्हणाले.

आई, पद्माबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. “जित्या माणसाला दोन वर्षांनी तिकीट,” त्या म्हणाल्या, “अन् मेल्यावर ताबडतोब. काहून?”

याचं उत्तर नऊ पानांत कुठंच नव्हतं. रविंद्रनं संख्याशास्त्राच्या आधारानं समजावलं, की चोवीस वर्षांच्या निरोगी माणसाच्या बाबतीत ही शक्यता अत्यल्प असते. अत्यल्प म्हणजे किती, असं पद्माबाईंनी विचारलं. त्यानं हजारात दोन-एक असा अंदाज सांगितला, आणि सांगता सांगताच त्याला कळलं की शून्य सांगायला पाहिजे होतं. त्या दिवसापासून पद्माबाईंनी या विषयावर बोलणं बंद केलं. जा म्हणाल्या नाहीत, जाऊ नको म्हणाल्या नाहीत. विचारलं की म्हणायच्या, म्या खोटं बोलणार न्हाई, अन् खरंबी बोलणार न्हाई.

पासपोर्टचा अर्ज गेला. आता पोलिसांकडून चौकशी होणार होती, की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहतो का आणि त्याची वागणूक बरी आहे का. एवढंच. पण ही चौकशी येणार हे गल्लीला सांगून ठेवावं, हे रविंद्रला सुचलं नाही. पुढे त्यानं या चुकीचा बराच विचार केला. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना प्रयोगाची कल्पना देऊ नये, असं त्याच्या डोक्यात कुठंतरी बसलं असावं.

जमादार गोपीचंद आले तो दिवस नेमका गुरुवार. रविंद्र रक्ताच्या तपासणीसाठी हिंगोलीला गेला होता, नरसिंगराव ऑफिसात होते आणि पद्माबाई बहिणीकडे पुसेगावला. घराला कुलूप. गोपीचंदांनी मोटारसायकल लावली, कागद काढला आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून विचारलं, की रविंद्र नरसिंग पाईकराव नावाचा इसम इथं कुठं राहतो.

पोलीस एखाद्याला नावानिशी, बापाच्या नावासकट शोधत येतो, तेव्हा त्या माणसाचं काय करायचं याबद्दल गल्लीत कधी चर्चा झाली नव्हती. तशी गरजच नव्हती. फुकटात परदेशी पाठवणारा एजंट हा प्रकार उजेडात आलाय, त्यात आपलं साधंभोळं पोरगं गुंतलंय, हे सगळ्यांनी एका दमात ओळखलं.

केशरबाई म्हणाल्या, असं नाव आम्ही ऐकलंच न्हाई. गोपीचंद समोरच्या दाराकडे वळायच्या आत त्यांनी आपली ओली गोधडी उचलली आणि पाईकरावांच्या भिंतीवर वाळत घातली. ‘न. गो. पाईकराव’ ही पाटी त्या गोधडीखाली गेली. विष्णुपंत तर पायऱ्या उतरून मुद्दाम खाली आले. “सदर नावाचे गृहस्थ या ठिकाणी राहत नाहीत,” त्यांनी सांगितलं, “आणि माझ्या माहितीप्रमाणे कधीही राहत नव्हते.” तीस वर्षं त्यांनी हे उत्तर दारोदार ऐकलं होतं. ते द्यायची पाळी आयुष्यात पहिल्यांदा आली होती, आणि त्यांनी ते उत्तम दिलं.

रविंद्र हिंगोलीहून परतला तेव्हा गल्ली त्याची वाटच पाहत होती. केशरबाईंनी गोधडी बाजूला करून पाटी दाखवली. लेकरा, काळजी करू नको, आम्ही तुझा मागमूस लागू दिला न्हाई, असं म्हणून त्यांनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

तो खडा तोंडात तसाच धरून रविंद्र दुसऱ्या दिवशीसुद्धा चालत होता, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ठाण्यात गोपीचंदांनी त्याला शांतपणे कागद दाखवला. अर्जदार पत्त्यावर मिळून आला नाही. शेजारी ओळखत नाहीत. हा कागद सोमवारी पुढे जाणार होता.

“पण मी हा इथं तुमच्यासमोर उभा आहे,” रविंद्र म्हणाला.

“तुमी ठाण्यात उभे हायत,” गोपीचंद म्हणाले. “पत्त्यावर न्हाई.”

तर्कात खोट काढता येण्यासारखी नव्हती. रविंद्रनं कागद पुढे केले. रेशनकार्डावरून त्याचं नाव वसतिगृहात राहायला गेला तेव्हा कमी केलं होतं, ते पुन्हा चढवलंच नव्हतं. मतदार यादीत नाव होतं, पण चोवीसचे आकडे उलटे पडून बेचाळीस झाले होते. गोपीचंदांनी यादी उजेडात धरली आणि बेचाळीस वर्षांचा रविंद्र कुठं आहे असं विचारलं. माणूस ते खवट नव्हते. फक्त कागदावर जे येईल त्याला आपण जबाबदार आहोत, अशी त्यांची समजूत होती, आणि रविंद्रला स्वतःच्या समजुतीहून ती फार वेगळी वाटेना. शेवटी ते म्हणाले, रविवारी पुन्हा येतो. शेजाऱ्यांनी बराबर जबाब दिले तर लिहितो, नाहीतर आहे तो कागद जाईल.

म्हणजे आता गल्लीनं फक्त खरं सांगायचं होतं. इतकं सोपं काम असेल असं वाटून रविंद्र विष्णुपंतांकडे गेला, आणि विष्णुपंतांनी मान हलवली. पोलिसांना आपण एकदा नाही म्हणून बसलोय. आता हो म्हटलं, तर पहिलं खोटं ठरतं. पोलिसांना खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. त्यांनी कलम सांगितलं. त्यावर उपाय एकच, आपल्या म्हणण्यावर ठाम राहायचं. केशरबाईंचंही तेच. त्या आता पोलिसाला काय तोंड दाखवणार? घरात पाणी मागायला आला असता तर दिलं असतं, पण दोन दिवसांत दोन बोलणं आमच्यात न्हाई.

नरसिंगराव त्या रात्री जेवले नाहीत. शनिवारी सकाळी ते स्वतः विष्णुपंतांकडे गेले आणि म्हणाले, की पंत, तुमच्या दारात उभा आहे तो माणूस कोण, एवढं सांगा. तुमच्या जबाबाप्रमाणे त्याला मुलगाच नाही. विष्णुपंत वरमले. मग त्यांनीच मार्ग काढला. गावात पाईकराव पुष्कळ आहेत. आमची गफलत झाली, आम्हाला वाटलं दुसरा कुणी पाईकराव विचारून राहिले, असं सगळ्यांनी सांगायचं. आणि या वेळी जबाबात कुठं फट राहू नये म्हणून त्यांनी मजकूर स्वतः तयार केला. तो शनिवारभर गल्लीत पाठ होत होता.

रविवारी गोपीचंद आले. खुर्ची टाकली, पाणी झालं, गफलतीचा खुलासा झाला. त्यांनी वही उघडली आणि विष्णुपंतांना विचारलं.

“रविंद्र नरसिंग पाईकराव हा सुशील, निर्व्यसनी व होतकरू तरुण असून तो सदर पत्त्यावर जन्मापासून राहतो,” विष्णुपंत म्हणाले.

पुढचा शेजारी म्हणाला, रविंद्र नरसिंग पाईकराव हा सुशील, निर्व्यसनी व होतकरू तरुण असून तो सदर पत्त्यावर जन्मापासून राहतो. त्याच्या पुढचाही तेच म्हणाला. केशरबाईंनी डोळे मिटून, हात जोडून म्हटलं, की पोरगं सुशील हाय, निरवेसनी हाय, होतकरू हाय अन् सदऱ्यात राहतंय.

रविंद्र मनातल्या मनात जबाब मोजू लागला. बी.एस्सी.च्या परीक्षेला एका टेबलावरच्या सहाही मुलांचं ब्युरेटचं वाचन नऊ पूर्णांक सहा आलं होतं, तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकही नळी न तपासता सहाही जणांना उभं केलं होतं. खरी वाचनं कधी एकसारखी येत नाहीत. गोपीचंद रसायनशास्त्र शिकले नव्हते, पण त्यांनी चारही जबाबांवरून पेन फिरवून तसंच वर पाहिलं.

“जन्मापासून म्हणता,” ते म्हणाले. “अर्जात जन्म परभणी जिल्ह्यात लिव्हलाय. पत्ता हिंगोली जिल्ह्याचा. इकडं कधी आले?”

“आलो न्हाई साहेब,” नरसिंगराव म्हणाले. “आमी हाय तिथंच हाव. तीन वर्षांखाली जिल्हाच तुटला, तो आमच्या अंगावरून गेला.”

हे खरं होतं. नवा जिल्हा होऊन तीनच वर्षं झाली होती. पण त्या क्षणी ते इतकं बनावट वाटलं की रविंद्रनं स्वतःच वडिलांकडे संशयानं पाहिलं. गोपीचंदांनी वही मिटत आणली. गुरुवारी एकही जण ओळखत नव्हता, आज सगळे एका तोंडानं ओळखतात. यातलं कुठलं लिहायचं, असं ते अर्धं स्वतःशी म्हणाले. उद्या सोमवार होता, सप्टेंबरची तेवीस तारीख, आणि मुदत तीसची. हा कागद गेला की अर्ज फिरून पुन्हा यायला दोन महिने जाणार होते, आणि तोवर मस्कतच्या पाण्यात दुसऱ्याच कुणाचा तरी पिपेट बुडालेला असणार होता.

तेवढ्यात गोपीचंदांचं लक्ष दाराच्या चौकटीकडे गेलं. पद्माबाई तिथं उभ्या होत्या. गुरुवारी कुलूप होतं म्हणून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि शनिवारच्या पाठांतरालाही त्या बसल्या नव्हत्या.

रविंद्रला त्यांचं म्हणणं आठवलं. खोटं बोलणार न्हाई, खरंबी बोलणार न्हाई. त्या नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी काम झालं असतं. त्यांचं काम, त्याचं नव्हे.

गोपीचंदांनी राहतो का असं विचारलंच नाही. ते सहज म्हणाले, “माय, पोरगं लई गुणाचं हाय म्हणतात तुमचं. सुशील, होतकरू.”

 पद्माबाईंना ते सहन झालं नाही.

“कोण म्हणलं?” त्यांनी विचारलं.

“सगळेच म्हणतात.”

“त्याह्यला काय म्हणायला जातंय. हे होतकरू? रॉकेल आण म्हणलं तर रॉकेल पाण्यावर काहून तरंगतं ते सांगून राहतंय, डबा तसाच पडून. माझ्या दह्यात कागद बुडवतंय अन् म्हणतंय, माय, दही आंबट हाय. अरे, मला जीभ न्हाई का? लोणच्याच्या तीन बरण्या रिकाम्या केल्या अन् गल्लीतल्या बोअरचं पाणी भरून ठेवलं, चिठ्ठ्या चिटकवून. केशरबाईच्या बोअरचं पिण्यास अयोग्य म्हणून लिव्हलंय.”

केशरबाईंनी डोळे उघडले.

“निरवेसनी म्हणं. दिसाला सहा चहा लागतात ह्याला. सहा. कपबी तिथंच ठेवतंय, जिथं बसलं तिथं. आंघोळीच्या पाण्यात थर्मामीटर धरून बसतंय, मागं बाप खांबावाणी उभा, जीप चुकून राहिली त्याची. शर्टाला सगळी छिद्रं पाडली ॲसिडची. तीन शर्टं म्या शिवले अन् चवथा फेकून दिला. सांगावं तर म्हणतंय, माय, दोन थेंबानं काय होतंय. रोज कपडे धुवायला म्या हाय ना. चोवीस वर्षं झाली साहेब, एक दिवस जागेवर चप्पल सोडली न्हाई ह्यानं. ती पाहा.”

सगळ्यांनी पाहिलं. एक चप्पल उंबऱ्यात होती. दुसरी गोपीचंदांच्या खुर्चीखाली होती.

गोपीचंदांनी वही परत उघडली होती आणि ते भराभर लिहीत होते. पद्माबाईंचा दम संपला तेव्हा त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, तशी त्यांची पद्धत होती: “अर्जदाराची आई हिचा जबाब घेतला. आई अर्जदारास पुरती कंटाळलेली दिसून आली. सबब अर्जदार सदर पत्त्यावर राहतो, याबाबत शंका नाही.”

विष्णुपंतांनी इतक्या नेमक्या भाषेला नकळत मान डोलावली. नरसिंगरावांनी जावक क्रमांक विचारला.  रविंद्रला आपल्या त्या एका चपलेकडे बघवत नव्हतं.

“राहतो म्हणून लिव्हलं?” पद्माबाईंनी विचारलं.

“लिव्हलं, माय.”

“मंग काय होतंय त्यानं?”

“मंग पासपोर्ट येतो. अन् पासपोर्ट आला की जाईल तो.”

पद्माबाईंनी पदराला हात पुसले. पुसण्यासारखं हाताला काही नव्हतं. मग त्या एक पायरी खाली उतरल्या आणि वहीकडे बोट केलं.

“मंग खोडा ते,” त्या म्हणाल्या. “न्हाई राहत म्हणून लिव्हा.”

गोपीचंदांनी पेनाला टोपण लावलं. ते उठले, खुर्चीखालची चप्पल पायानं उंबऱ्यातल्या चपलेजवळ सरकवली आणि खालच्या आवाजात म्हणाले, “खोडलं तर वरच्या साहेबाला संशय येतो, माय.”

“येऊ द्या की,” पद्माबाई म्हणाल्या.